वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्याची वाइन आणि आपला खिसा

उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटतो. थंडीत जुन्या, भारदस्त बाटल्यांची चौकशी करणारे वाचक आता काहीतरी हलके, थंडगार आणि पुन्हा पुन्हा विकत घेता येईल असे सुचवा, असे लिहू लागतात. यंदाच्या पत्रांतील काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : वाइनच्या दुकानात शिरल्यावर मी गोंधळून जातो. सर्वांत स्वस्त बाटली उचलायला धीर होत नाही आणि महाग बाटली परवडत नाही. शेवटी मधल्या फळीवरची, जिचे लेबल बरे दिसेल ती घेऊन बाहेर पडतो. कमी किमतीची चांगली वाइन खरोखर असते, की ही केवळ मनाची समजूत?

उत्तर : असते, आणि ती ओळखायची तर चवीच्या आधी हिशेब समजून घ्यावा लागतो. बाटलीच्या किमतीत द्राक्षे आणि मेहनत यांखेरीज तीन मोठे खर्च दडलेले असू शकतात : ओक वृक्षाच्या लाकडाचे पिंप, वेळ आणि नाव. फ्रान्सच्या बोर्दो भागात रूढ असलेले ओकचे पिंप २२५ लिटरचे असते, म्हणजे एका पिंपात जेमतेम ३०० बाटल्यांची वाइन मावते. नवे पिंप महाग पडते आणि तीन-चार वापरांनंतर त्याचा स्वाद वाइनमध्ये फारसा उतरत नाही. वाइन तळघरात दोन-तीन वर्षे मुरवायची, तर तेवढा काळ उत्पादकाचे भांडवल अडकून पडते. आणि द्राक्षे एखाद्या नामांकित गावच्या उतारावरची असतील, तर त्या गावाच्या कीर्तीचे पैसेही ग्राहकाच्याच खिशातून जातात.

आता याची उलट बाजू पाहा. जी वाइन मुळातच स्टीलच्या किंवा सिमेंटच्या टाकीत तयार होते, जी वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपवायची असते आणि जिच्या गावाचे नाव फारसे कोणाच्या कानावर नसते, ती स्वस्त असण्याला सरळ कारण आहे : हे खर्च तिला लागतच नाहीत, त्यामुळे तिच्यात कुठे हात आखडता घ्यावा लागलेला नसतो. फसगत होते ती महागड्या वाइनची नक्कल करणाऱ्या स्वस्त वाइनच्या बाबतीत. टाकीत ओकचे तुकडे किंवा फळ्या सोडून आणलेला व्हॅनिलासारखा वास पहिल्या घोटाला भुलवतो आणि तिसऱ्या घोटाला कंटाळा आणतो. या पद्धतीत गैर काही नाही, पण माझ्या अनुभवात कमी किमतीच्या बाटलीवर ‘ओक’ हा शब्द ठळक दिसला, तर ती बाटली फळीवरच राहू द्यावी.

सर्वांत खालच्या फळीविषयीची तुमची भीती मात्र अगदीच निराधार नाही. काच, बूच, लेबल आणि वाहतूक यांवर होणारा खर्च बाटलीत काय भरले आहे त्यानुसार फारसा बदलत नाही. त्यामुळे अतिस्वस्त बाटलीत प्रत्यक्ष वाइनच्या वाट्याला अगदी थोडी रक्कम उरते, आणि त्याहून एक पायरी वर गेले की वाढलेल्या किमतीचा बराचसा भाग द्राक्षांवर खर्च होऊ शकतो. म्हणून तळापासून दुसरी पायरी ही काटकसरी माणसाची जागा. आणि उन्हाळा हा त्याचाच हंगाम आहे, कारण उकाड्यात जिभेला जे हवे असते, म्हणजे ताजेपणा, आंबटसर तजेला आणि बेताचे अल्कोहोल, ते पिंपाशिवाय आणि फार न मुरवता बनवलेल्या वाइनमध्येच सर्वाधिक सापडते.

प्रश्न : तत्त्वे पुष्कळ झाली. कृपया नावे सांगावीत, म्हणजे दुकानात जाऊन विचारता येईल.

उत्तर : तुमचा अधीरपणा समजू शकतो. उत्पादकांची नावे प्रत्येक बाजारात वेगळी असतात, म्हणून मी प्रदेशांची आणि द्राक्षांची नावे देतो.

पहिले नाव उत्तर पोर्तुगालच्या विन्यो व्हेर्देचे. या प्रदेशाच्या सीमा १९०८ साली निश्चित झाल्या. नावाचा शब्दशः अर्थ ‘हिरवी वाइन’ असा असला, तरी हिरवेपणा रंगाचा नसून कोवळेपणाचा आहे. तिच्या साध्या प्रकारात अल्कोहोल अनेकदा ९ ते ११ टक्के एवढेच असते, आंबटपणा खणखणीत असतो आणि जिभेवर बारीक बुडबुड्यांची चुणचुण जाणवते. ही चुणचुण आजकाल बहुधा बाटली भरताना कार्बन डायऑक्साइड घालून आणलेली असते, हे कळल्यावर काही मंडळी नाक मुरडतात. मला त्यात मुरडण्यासारखे काही वाटत नाही. लेबलावर लोरेरो किंवा अल्वारिन्यो ही द्राक्षे स्वतंत्रपणे दिलेली असतील, तर वाइन थोडी अधिक सुगंधी आणि भरीव निघेल, आणि किंमतही त्या मानाने वाढेल.

दुसरे नाव फ्रान्सच्या म्युस्काडेचे. ल्वार नदी अटलांटिकला मिळते त्या बाजूला, नांत शहराच्या आसपास, मलाँ द बुर्गोन्य या द्राक्षापासून ती बनते. द्राक्ष तसे मुखदुर्बळ आहे, वास बेताचाच, म्हणून ‘स्यूर ली’ हे शब्द असलेली बाटली मुद्दाम शोधावी. आंबवण संपल्यानंतर तळाशी बसलेल्या यीस्टच्या साक्यावर ही वाइन हिवाळाभर तशीच ठेवतात आणि थेट त्यावरूनच बाटलीत भरतात. त्याने तिला किंचित साईसारखा गुळगुळीतपणा येतो, तरी आंबटपणाची धार बोथट होत नाही. एवढी निगा घेतलेली वाइन एवढ्या माफक किमतीत मिळते, याचे कारण तिच्यामागे गाजावाजा नाही एवढेच.

भूमध्य समुद्राकाठच्या लांगदोकमधील पिकपूल द पिने ही म्युस्काडेची दक्षिणेकडची बहीण म्हणता येईल. लिंबाचा वास आणि शेवटी खारटपणाचा भास. दक्षिण आफ्रिकेत शेनिन ब्लां या द्राक्षाची लागवड जगात सर्वाधिक आहे आणि तिथल्या पिंपाविना बनवलेल्या बाटल्या किमतीच्या मानाने फार उजव्या असतात. अर्जेंटिनाची तोर्रोंतेस अत्तरासारखी दरवळते, पण जिभेवर बहुधा कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, निघते; काहींना हा विरोधाभास आवडतो, काहींना नाही. थोडी गोडी चालणार असेल, तर जर्मनीतील मोझेल खोऱ्यातील काबिनेट, म्हणजे तिथल्या हलक्या दर्जाची, रीसलिंग द्राक्षाची व्हाइट वाइन घ्यावी. तिच्यात अल्कोहोल ८-९ टक्क्यांच्या आसपास असते आणि उरलेली साखर आंबटपणाशी अशी जुळलेली असते, की तिला गोड म्हणण्यापेक्षा खटमधुर म्हणणेच योग्य.

ज्यांना नामांकित वाइन आवडतात पण झेपत नाहीत, त्यांनी शेजारच्या गावात चौकशी करावी. सांसेर महाग वाटली, तर त्याच ल्वार खोऱ्यातील, त्याच सोव्हिन्याँ ब्लां द्राक्षाची तुरेन पाहावी. शातोनफ द्यु पापऐवजी कोत द्यू रोन, बारोलोऐवजी लांगे नेब्बिओलो हे पर्यायही याच न्यायाने सुचतात, फक्त ते उन्हाळ्यापेक्षा थंडीत अधिक शोभतात.

प्रश्न : मला फक्त रेड वाइन आवडते, पण उन्हाळ्यात ती पिताना डोके जड होते आणि चवही बोजड लागते. रेड वाइन सामान्य तापमानालाच प्यावी असे वाचले आहे. मग उन्हाळ्यात तिला सुट्टीच द्यावी का?

उत्तर : सुट्टी वाइनला नको, त्या नियमाला द्यावी. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातील जुन्या, दगडी, मध्यवर्ती तापयंत्रणा नसलेल्या घरांतून आलेला आहे. तिथली खोली १६ ते १८ अंश सेल्सिअसची असे. तिशीकडे झुकलेल्या खोलीत हाच सल्ला शब्दशः पाळला, तर पेल्यातून आधी अल्कोहोलच्या वाफा उठतात आणि फळाचा सुगंध त्यांच्याखाली दबून जातो.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी हे मोजून पाहिले. फ्रान्सच्या बोजोले भागातील हलक्या रेड वाइनची एकच बाटली दोन पेल्यांत ओतली. एक पेला ओट्यावर राहू दिला, दुसरा झाकून फ्रिजमध्ये ठेवला. तासाभराने तापमापक बुडवला, तेव्हा एकात पारा २९ वर होता आणि दुसऱ्यात १३ वर. पहिल्या पेल्यावर नाक नेताच आत झिणझिणले आणि वास यायचा तो खूप वेळ आटवलेल्या मुरंब्यासारखा. दुसऱ्या पेल्याच्या काचेवर दव जमले होते, बोट फिरवले तिथे रेघ उमटली, आणि त्या रेघेतून दिसणारी वाइन रंगानेही जणू उजळ भासली. वासात चेरी होती, थोडी मिरी होती. शेजारच्या खोलीतून आलेल्या माणसाला दोन्ही दिल्या, तर त्याने या दोन वेगळ्या बाटल्या आहेत असे ठामपणे सांगितले.

मात्र थंड करायची ती वाइन हलकी हवी. रेड वाइनचा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, द्राक्षाच्या सालींतून आणि बियांतून येतो, आणि थंडाव्यात तो अधिक बोचतो. दूध न घातलेला कडक चहा गार झाला की जिभेला जशी कोरड पडते, तसे होते. म्हणून जाड सालीची, तुरट, काळपट वाइन गार करण्यात अर्थ नाही. बोजोलेत वापरले जाणारे गामे हे द्राक्ष त्या दृष्टीने आदर्श. तिथे द्राक्षांचे अख्खे घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात ठेवतात, आंबवण्याची सुरुवात दाण्याच्या आतच होते, आणि त्यामुळे रंग व फळाचा स्वाद मिळतो पण तुरटपणा कमी उतरतो. (या बिचाऱ्या द्राक्षाला १३९५ साली बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने बेइमान ठरवून आपल्या मुलखातून उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. राजेरजवाड्यांना गामे गार करून देणारे कोणी भेटले नसावे.) स्पेनमधील कालातायूद किंवा कांपो दे बोर्खा इथली साधी, पिंपात न ठेवलेली, गार्नाचा या द्राक्षाची रेडही थोडी गार करून चांगली लागते, फक्त तिच्यातले अल्कोहोल चढे असते याचे भान ठेवावे.

हलकी रेड वाइन १२ ते १४ अंशांवर आणावी. खोली किती तापली आहे त्यानुसार बाटली फ्रिजमध्ये पाऊण ते सव्वा तास ठेवल्यास पुरे. घाई असेल, तर बादलीत नुसता बर्फ न भरता अर्धा बर्फ आणि अर्धे पाणी घ्यावे व त्यात मूठभर मीठ टाकावे. बर्फाचे खडे काचेला ठिकठिकाणीच टेकतात, पाणी मात्र सगळीकडून भिडते, आणि मिठामुळे ते शून्याच्याही खाली द्रव राहते. या पाण्यात व्हाइट वाइन पंधरा-वीस मिनिटांत तयार होते. रेडला त्याहून कमी वेळ द्यावा.

डोके जड होण्याविषयी : १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात ११ टक्क्यांची वाइन असेल तर शुद्ध अल्कोहोल साडेसोळा मिलिलिटर जाते आणि साडेचौदा टक्क्यांची असेल तर जवळजवळ बावीस, म्हणजे एक तृतीयांश जास्त. पेला तोच दिसतो, हिशेब बदललेला असतो. लेबलाच्या कोपऱ्यातील हा बारीक आकडा उन्हाळ्यात सर्वांत आधी वाचावा.

प्रश्न : घरच्या समारंभासाठी ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली स्पार्कलिंग वाइन आणली, कारण आम्हाला गोड अजिबात नको होती. ती चक्क गोडसर निघाली. बाटली सदोष होती का?

उत्तर : बाटली निर्दोष, शब्द फसवा. युरोपातील नियमांनुसार ‘ब्रूट’ म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे १२ ते १७ ग्रॅम, आणि नुसती ‘ड्राय’ म्हणजे १७ ते ३२ ग्रॅम. म्हणजे ड्रायपेक्षा एक्स्ट्रा ड्राय कोरडी, आणि तिच्याहून ब्रूट कोरडी. ज्या काळात फेसाळ वाइन बरीच गोड असे, त्या काळातले हे शब्द आहेत. पुढच्या वेळी ‘ब्रूट’ किंवा ‘एक्स्ट्रा ब्रूट’ मागावी.

प्रकाराचे म्हणाल, तर इटलीच्या प्रोसेकोचे फेस आणणारे दुसरे आंबवण बहुधा मोठ्या बंद टाकीत होते, म्हणून ती स्वस्त पडते आणि तिच्यात ताज्या फळाचा वास टिकतो. स्पेनची कावा शॅम्पेनप्रमाणेच बाटलीतल्या बाटलीत आंबवतात आणि साक्यावर किमान नऊ महिने ठेवतात. एवढ्या खटाटोपाची वाइन शॅम्पेनच्या कितीतरी खालच्या किमतीला मिळते, त्यामुळे समारंभासाठी माझे मत कावाला किंवा शॅम्पेनबाहेरच्या फ्रान्समधील क्रेमांला.

प्रश्न : रोझे म्हणजे रेड आणि व्हाइट एकत्र ओतून केलेली वाइन, असे एका मित्राने सांगितले. तसे असेल तर तिला काय अर्थ?

उत्तर : मित्राची माहिती शॅम्पेनपुरती खरी आहे, तिथे गुलाबी रंगासाठी थोडी रेड वाइन मिसळण्यास मुभा आहे. न फेसाळणाऱ्या साध्या रोझेच्या बाबतीत मात्र युरोपात ही वाट सर्वसाधारणपणे बंद आहे, आणि २००९ साली ती मोकळी करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा उत्पादकांच्या विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. रोझे काळ्या द्राक्षांपासूनच बनते. रस सालींबरोबर काही तासच राहू देतात, म्हणून रंग फिका आणि तुरटपणा नाममात्र. गडद रोझे गोड आणि फिकट रोझे कोरडी, ही समजूतही टाकून द्यावी, कारण रंगावरून साखर कळत नाही.

खरेदी करताना एक खबरदारी घ्यावी. रोझे रंग दिसावा म्हणून बिनरंगी काचेत भरतात आणि अशी काच प्रकाशाला अडवत नाही. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली महिनोन्महिने उभी असलेली बाटली बाद समजावी. तिला शिजलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो. मागच्या ओळीतली, सावलीतली आणि सर्वांत अलीकडच्या सालाची बाटली मागून घ्यावी.

प्रश्न : घरात मी एकटीच वाइन पिते. बाटली उघडली की संपवण्याचा ताण येतो. स्पार्कलिंग वाइनच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवला तर फेस टिकतो म्हणतात, ते खरे का? आणि खोक्यातली वाइन घ्यावी का?

उत्तर : चमच्याने काहीही होत नाही, फेस टिकतो तो बाटली थंड राहिल्यामुळे. स्पार्कलिंग वाइनसाठी दाबून बसणारे झाकण मिळते, ते घ्यावे, म्हणजे एक-दोन दिवस निभावतात. साधी व्हाइट आणि रोझे बूच लावून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस नीट राहते. रेडही उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवावी, हे अनेकांना अजून पटत नाही. उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर आणखी बरे, कारण वाइन बिघडते ती तिच्यावरच्या मोकळ्या हवेमुळे.

खोक्याविषयी लाजण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियातील टॉमस अँगोव्ह यांनी १९६५ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. आतली पिशवी वाइन काढावी तशी आकसत जाते, हवा आत शिरत नाही, आणि उघडलेले खोके फ्रिजमध्ये चार ते सहा आठवडे चालते. तीन लिटरच्या खोक्यात चार बाटल्यांची वाइन असते आणि काचेचा खर्च व वजन वाचते. एकट्या व्यक्तीला यापेक्षा सोयीचे काही नाही. पण न उघडलेले खोके साठवून ठेवू नये, प्लास्टिकमधून हवा थोडीथोडी शिरतच असते; त्यावरची तारीख पाहून ताजेच घ्यावे.

प्रश्न : रोज एक पेला वाइन हृदयाला चांगली, म्हणून मी सुरू करावी का?

उत्तर : प्रकृतीसाठी वाइन सुरू करू नये. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘रोजची वाइन’ हा शब्द या सदरात साधी, बिनसमारंभाची वाइन अशा अर्थाने येतो. रोज प्यायची वाइन असा त्याचा अर्थ घेऊ नये.

प्रश्न : मी आणलेल्या स्वस्त वाइनची मित्रांनी थट्टा केली. महाग वाइन खरोखर चवीवरून ओळखता येते का?

उत्तर : लेबल झाकले, तर बहुतेकांना येत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक वेळा लेबल झाकून घेतलेल्या चवींचे गुण तपासले गेले. प्रशिक्षण नसलेल्या लोकांना महाग वाइन सरासरीने किंचित कमीच आवडली होती. प्रशिक्षितांच्या बाबतीत तसे नव्हते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात एकच वाइन दोन वेगळ्या किमती सांगून दिली, तेव्हा चढी किंमत ऐकलेल्यांनी तिला अधिक पसंती दिली आणि सुखाशी निगडित मेंदूच्या भागातील हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे तुमचे मित्र खोटे बोलत नव्हते. किंमत ठाऊक असली की चव खरोखरच बदलते.

उपाय सोपा आहे. पुढच्या बैठकीला पाच बाटल्या आणा, प्रत्येक कागदी पिशवीत घालून मानेशी दोरा बांधा, झाकणे आधीच काढून टाका आणि पिशव्यांवर आकडे लिहा. पिशवी भरणाऱ्याने ओतू नये आणि ओतणाऱ्याने पिशवी भरू नये. प्रत्येकाने बोलण्याआधी गुण कागदावर मांडावेत, नाहीतर सर्वांत मोठ्या आवाजाचे मतच सर्वांचे होते. आमच्याकडे असा खेळ मांडला, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने आणलेली सर्वांत महाग बाटली चौथी आली आणि तिला चौथा क्रमांक देणाऱ्यांत माझाही कागद होता. पहिली आली ती म्युस्काडे.

प्रश्न : वाइनमध्ये बर्फ किंवा सोडा घातला तर चालते का? जाणकार रागावतात.

उत्तर : रागावू द्यावे. जर्मन भाषक मुलखांत व्हाइट वाइन आणि सोडा यांचे मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या प्यायले जाते, आणि अर्धी वाइन व अर्धा सोडा घेतला की अल्कोहोलही निम्म्यावर येते. त्यासाठी आंबटपणा चढा असलेली, पिंपाचा स्पर्श नसलेली वाइन घ्यावी. ओकमध्ये मुरलेली वाइन पातळ झाली की कडवट लागते. सोडा आणि वाइन दोन्ही आधीच थंड करून घेतली, तर बर्फाची गरजही पडत नाही. बर्फ घालायचाच असेल तर मोठे खडे घालावेत, ते सावकाश वितळतात.